कंपोनंट डायग्राममधली रेघ पुन्हा पुन्हा चुकते तेव्हा: असेंब्ली, डेलिगेशन आणि तुटक बाण

कंपोनंट डायग्राम, म्हणजे सॉफ्टवेअरचे घटक आणि त्यांच्या जोडण्या दाखवणारे चित्र, काढणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. डायग्राम तपासणीला जातो आणि कोणीतरी विचारते, ‘ही रेघ कनेक्टर आहे की डिपेंडन्सी?’ (कनेक्टर म्हणजे चालत्या प्रणालीतली प्रत्यक्ष जोडणी, डिपेंडन्सी म्हणजे नुसते अवलंबन.) काढणारा सलग रेघ तुटक करतो, बॉल-सॉकेट (पुरवठ्याचा पूर्ण गोल आणि मागणीचा अर्धगोल) उलटे करतो आणि तपासणी पार पडते. पुढच्या डायग्रामला तोच प्रश्न पुन्हा हजर. चिन्हे पाठ असतात, पण यूएमएलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरचे आराखडे काढायच्या प्रमाणित चिन्हभाषेत, रेघेचा अर्थ तिच्या दोन टोकांना काय आहे यावरही ठरतो. सलग रेघ दोन प्रकारांमध्ये असेल तर ती असोसिएशन (प्रकारांमधला सर्वसाधारण संबंध), दोन पार्टमध्ये (मोठ्या घटकाच्या आतल्या भागांमध्ये) असेल तर कनेक्टर. म्हणून दुरुस्तीला रेघेपासून हात घालू नका, आधी टोके बघा.

खालची उदाहरणे एका तिकीट आरक्षण प्रणालीची आहेत. ‘आरक्षण’, ‘शुल्क’ आणि ‘सूचना’ हे तीन कंपोनंट, आणि त्यांना पोटात घेणारा ‘तिकीट प्रणाली’ हा मोठा कंपोनंट. नियम यूएमएल २.५.१ चे, म्हणजे डिसेंबर २०१७ च्या आवृत्तीचे आहेत. जुन्या आवृत्तीत वेगळे होते तिथे तसे सांगितले आहे.

टोकाला प्रकार आहे की पार्ट?

चौकटीत «कंपोनंट» आणि खाली नुसते ‘आरक्षण’ लिहिले असेल तर तो प्रकार, म्हणजे क्लासिफायर. मोठ्या चौकटीच्या आत ‘: आरक्षण’ किंवा ‘मुख्य : आरक्षण’ असे अपूर्णविरामासह लिहिले असेल तर तो पार्ट. नावाखाली अधोरेखा दिली की ते इन्स्टन्स, म्हणजे त्या प्रकाराचा एक प्रत्यक्ष नमुना झाले. पार्टचे नाव अधोरेखित करायचे नसते. पार्टची चौकट सलग रेघेची असते. मालकीचा नसून बाहेरून संदर्भाने आलेला घटक असेल तर तीच चौकट तुटक रेघेची होते.

कनेक्टर हवेत तरंगत नाही. तो कोणत्यातरी मोठ्या क्लासिफायरच्या मालकीचा असतो, आणि मानकातला नियम कडक आहे: कनेक्टरची टोके त्या मालकाच्याच पार्टना किंवा पोर्टना (चौकटीच्या कडेवरच्या छोट्या चौकोनी जोडजागांना), नाहीतर त्याच्या पार्टच्या पोर्टना लागली पाहिजेत. या एका नियमातून अर्धे प्रश्न सुटतात. ‘आरक्षण’ आणि ‘शुल्क’ हे दोन प्रकार मोकळ्या कागदावर ठेवून त्यांच्यात कनेक्टर ओढायला गेलात की त्याला मालकच नसतो. मग टूल एकतर नकार देते, किंवा काही न बोलता असोसिएशन तयार करते. दिसायला सगळे ठीक, मॉडेलमध्ये, म्हणजे टूलने चित्रामागे साठवलेल्या माहितीत, भलतेच.

दुरुस्ती अशी करा. ‘तिकीट प्रणाली’ची चौकट काढा, आत ‘: आरक्षण’ आणि ‘: शुल्क’ हे पार्ट ठेवा, त्यांच्या कडांवर पोर्ट लावा आणि मग पोर्ट ते पोर्ट कनेक्टर ओढा. टूलच्या कंपोनंट डायग्रामच्या पट्टीत कनेक्टर सापडत नसेल तर त्याच कंपोनंटवर कॉम्पोझिट स्ट्रक्चर डायग्राम (आतली रचना दाखवणारा) उघडा. मॉडेल तेच असते, फक्त ते बघण्याची खिडकी वेगळी.

मोठी चौकट नकोच असेल, नुसते ‘कोण कोणावर अवलंबून’ एवढेच दाखवायचे असेल, तर प्रकारांमध्ये डिपेंडन्सी दाखवा आणि तिला कनेक्टर म्हणू नका. प्रकारांच्या पातळीवर जुळलेले बॉल-सॉकेटही चालते, पण त्याचा अर्थ एवढाच की एकजण इंटरफेस (ऑपरेशनची नाव दिलेली यादी) वापरतो आणि दुसरा तो पुरवतो. चालत्या प्रणालीत हे दोन घटक प्रत्यक्ष जोडलेले आहेत असे विधान त्यातून होत नाही. आमच्या मते सुरुवातीच्या आराखड्यासाठी हे पुरेसे आहे. पण प्रत्यक्ष जोडणीचे दस्तऐवज करायचे असतील तर पार्टपर्यंत उतरलेच पाहिजे, नाहीतर एकाच प्रकाराचे दोन पार्ट आले की कोण कोणाला जोडले आहे ते सांगायला जागाच उरत नाही.

बॉल कुठे, सॉकेट कुठे: माहितीच्या प्रवाहाचा सापळा

सर्वाधिक आढळणारी चूक हीच. ‘आरक्षण’ला ‘शुल्क’कडून पावती क्रमांक मिळतो, माहिती ‘शुल्क’कडून ‘आरक्षण’कडे येते, म्हणून बॉल ‘आरक्षण’च्या बाजूला काढला जातो. किंवा उलट: रक्कम ‘आरक्षण’कडून जाते, म्हणजे पुरवणारा ‘आरक्षण’. दोन्ही युक्तिवाद निकामी आहेत, कारण बॉल-सॉकेट माहितीचा प्रवाह दाखवतच नाही.

कसोटी एकच: इंटरफेसमधल्या ऑपरेशनचा कोड कोणाकडे आहे? ‘शुल्क_आकारणी’ या इंटरफेसमध्ये ‘आकार(रक्कम)’ आणि ‘परत_कर(पावती)’ ही दोन ऑपरेशन आहेत समजा. ती ‘शुल्क’ राबवतो, म्हणून पूर्ण गोल, म्हणजे बॉल, ‘शुल्क’च्या काठीवर. ‘आरक्षण’ ती बोलावतो, म्हणून अर्धगोल, म्हणजे सॉकेट, ‘आरक्षण’च्या काठीवर. ‘आकार’ला रक्कम पाठवली आणि त्यातून पावती परत आली तरी चिन्ह बदलत नाही.

शंका आली तर वाक्य करून बघा: ‘आरक्षण’ला ‘शुल्क_आकारणी’ लागते, ‘शुल्क’ ती पुरवतो. वाक्य उलटे करून खोटे वाटले पाहिजे. दोन्ही बाजूंनी खरे वाटले तर बहुधा तुम्ही दोन इंटरफेस एका नावाखाली कोंबले आहेत.

असे कोंबणे घडते ते उलट-बोलावण्यात, म्हणजे कॉलबॅकमध्ये. शुल्क आकारायला वेळ लागतो, काम झाल्यावर ‘शुल्क’ स्वतः ‘आरक्षण’ला कळवतो. लोक तेव्हा एकाच बॉल-सॉकेटवर दोन्ही टोकांना बाण लावतात. त्याऐवजी दुसरा इंटरफेस काढा, ‘शुल्क_निकाल’ नावाचा. त्यातले ‘निकाल_कळव’ हे ऑपरेशन ‘आरक्षण’ राबवतो, म्हणून इथे बॉल ‘आरक्षण’कडे आणि सॉकेट ‘शुल्क’कडे. आता दोन कंपोनंटमध्ये दोन विरुद्ध तोंडांची जोडणी दिसते आणि दोघांचे एकमेकांवरचे अवलंबन उघड होते. ते उघड व्हायलाच हवे. ते खटकत असेल तर ती डिझाइनची अडचण आहे, चिन्हाची नाही.

मध्ये संदेशांची रांग असेल तर तिला वगळून दोन कंपोनंट थेट जोडू नका. ‘सूचना’ आणि ‘आरक्षण’ एकमेकांना ओळखत नसतील तर ‘संदेश-रांग’ हा वेगळा कंपोनंट दाखवा. ‘आरक्षण’चे सॉकेट तिच्या ‘प्रकाशन’ इंटरफेसला लागते. रांग ‘सूचना’ला स्वतःहून बोलावते की ‘सूचना’ रांगेतून संदेश ओढून घेते, यावर दुसऱ्या बाजूच्या बॉलची जागा ठरते. ढकलत असेल तर बॉल ‘सूचना’कडे, ओढत असेल तर रांगेकडे.

माहितीचा प्रवाह दाखवायचाच असेल तर यूएमएलमध्ये त्याची वेगळी सोय आहे, इन्फर्मेशन फ्लो. तो तुटक बाण असतो आणि त्यावर «फ्लो» लिहितात. कनेक्टरवरच दाखवायचे असेल तर रेघेवर भरीव काळा त्रिकोण काढून शेजारी माहितीचे नाव लिहितात. बॉल-सॉकेटला हात न लावता हे वरून घालता येते.

तुटक रेघा: चारपैकी कोणती?

तुटक रेघ दिसली की ‘डिपेंडन्सी’ म्हणून मोकळे होण्याची सवय महागात पडते. कंपोनंट डायग्राममध्ये नेहमी येणाऱ्या तुटक रेघा अशा:

– तुटक रेघ, उघडा बाण, वर «यूज»: कंपोनंटकडून इंटरफेसच्या चौकटीकडे. सॉकेटचेच विस्ताराने काढलेले रूप.
– तुटक रेघ, पोकळ त्रिकोण, कंपोनंटकडून इंटरफेसकडे: इंटरफेस रिअलायझेशन. बॉलचे विस्ताराने काढलेले रूप.
– तुटक रेघ, पोकळ त्रिकोण, क्लासकडून कंपोनंटकडे: हा क्लास त्या कंपोनंटचे वर्तन साकारतो.
– तुटक रेघ, उघडा बाण, सॉकेटकडून बॉलकडे: लागणारा इंटरफेस पुरवलेल्या इंटरफेसवर अवलंबून आहे. बॉल आणि सॉकेट कागदावर लांब असतील तर त्यांना असे जोडतात.

चौथ्याची दिशा हमखास उलटते. बाण नेहमी गरजवंताकडून पुरवठादाराकडे, म्हणजे सॉकेटकडून बॉलकडे. आणि बॉल-सॉकेट चिकटवून वर पुन्हा तुटक बाण काढू नका. एकच गोष्ट दोनदा सांगितली की वाचणारा तिसरा अर्थ शोधत बसतो.

जुन्या दस्तऐवजात सॉकेट सापडत नाही आणि कंपोनंटकडून थेट बॉलकडे तुटक बाण गेलेला असतो. ती चूक नाही. यूएमएल १.x मध्ये लॉलीपॉप (काठीवरचा बॉल) होते, सॉकेट नव्हते, सॉकेट २.० मध्ये आले. त्या काळच्या कंपोनंटच्या चौकटीच्या डाव्या कडेला दोन छोटे आयत बाहेर आलेले दिसतात. आता तेच चिन्ह लहान करून चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठेवतात, आणि «कंपोनंट» लिहिले असेल तर तेही ऐच्छिक आहे. जुना डायग्राम नव्यात आणताना फक्त चिन्हे बदलून भागत नाही. १.x मध्ये कंपोनंट म्हणजे अनेकदा प्रत्यक्ष फाइल असे, २.x मध्ये फाइल हे «आर्टिफॅक्ट» असते आणि ते कंपोनंटला «मॅनिफेस्ट» या डिपेंडन्सीने जोडले जाते. फाइलींना पोर्ट आणि सॉकेट लावत बसू नका.

डेलिगेशन: बाहेरचा पोर्ट आणि आतला पार्ट

‘आरक्षण’ची चौकट उघडली की आत ‘: शोधक’, ‘: आसन-राखण’ आणि ‘: शुल्क-दूत’ हे पार्ट आहेत. बाहेरच्या कडेवर ‘आसन_शोध’ पुरवणारा एक पोर्ट आणि ‘शुल्क_आकारणी’ मागणारा एक पोर्ट आहे. बाहेरचा पोर्ट आणि आतला पार्ट यांच्यामध्ये बॉल-सॉकेट काढलेले दिसले तर ते खोडा. बॉल-सॉकेट ही असेंब्लीची खूण, म्हणजे मागणी आणि पुरवठा यांची गाठ. इथे मागणी-पुरवठा नाही. आलेले काम आत सोपवले जाते, किंवा आतली गरज बाहेर पोचवली जाते. म्हणून साधी सलग रेघ. पुष्कळ टूल तिच्यावर उघडा बाण आणि «डेलिगेट» दाखवतात.

दिशा दोन आहेत आणि त्या कामाच्या प्रवासाप्रमाणे ठरतात. पुरवलेल्या इंटरफेससाठी बाहेरच्या पोर्टकडून आतल्या पार्टकडे: ‘आसन_शोध’ पोर्ट ते ‘: शोधक’. लागणाऱ्या इंटरफेससाठी आतल्या पार्टकडून बाहेरच्या पोर्टकडे: ‘: शुल्क-दूत’ ते ‘शुल्क_आकारणी’ पोर्ट. दोन्ही बाण आत वळलेले दिसले तर दुसरा चुकला आहे.

जुळणीचा नियम असेंब्लीच्या नेमका उलटा. असेंब्लीत सॉकेटला बॉल लागतो. डेलिगेशनमध्ये बॉलमागे बॉल, सॉकेटमागे सॉकेट: बाहेर पुरवठा असेल तर आतही पुरवठाच. रेघ पोर्टवर न जाता थेट पार्टवर गेली तर त्या पार्टच्या प्रकाराने तो इंटरफेस राबवलेला असला पाहिजे. ‘शोधक’ क्लास ‘आसन_शोध’ राबवत नसेल आणि रेघ तरी काढली असेल, तर दिसायला निर्दोष असलेला डायग्राम पहिल्या तपासणीत कोसळतो.

टूलमध्ये यातून एक चिवट अडचण येते. रेघेवर «डेलिगेट» लिहिले, पण तपासणीत कनेक्टरचा प्रकार ‘असेंब्ली’ दिसतो. २.५ मध्ये हा प्रकार तुम्ही भरायचा नसतो, तो टोकांवरून आपोआप निघतो. एखादे टोक मालक कंपोनंटच्या स्वतःच्या पोर्टला लागले असेल, म्हणजे तो पोर्ट कोणत्याही पार्टवरचा नसेल आणि बिहेवियर पोर्टही नसेल, तर डेलिगेशन. बाकी सगळे असेंब्ली. तेव्हा तीन गोष्टी तपासा. रेघ खरेच बाहेरच्या कडेवरच्या पोर्टला लागली आहे की शेजारच्या पार्टच्या पोर्टला, हे पहिले. छोटे चौकोन जवळजवळ असले की माऊस चुकतो. कनेक्टरच्या टोकाच्या गुणधर्मांत ‘पार्ट-विथ-पोर्ट’ रिकामे आहे का, हे दुसरे. बाहेरच्या पोर्टच्या टोकाला ते रिकामेच हवे. पोर्टवर ‘बिहेवियर’ची खूण चुकून लागली आहे का, हे तिसरे. बिहेवियर पोर्टवर आलेले काम कंपोनंट स्वतः हाताळतो, आत सोपवत नाही. डायग्राममध्ये असा पोर्ट आत एका लहान गोल कोपऱ्यांच्या चिन्हाला रेघेने जोडलेला दिसतो.

आणखी एक मोह टाळा: ‘शुल्क’मधून निघालेली रेघ ‘आरक्षण’ची भिंत भेदून थेट ‘: शुल्क-दूत’ला लावणे. वरचा मालकीचा नियम इथेच आडवा येतो. ‘तिकीट प्रणाली’च्या मालकीचा कनेक्टर ‘आरक्षण’च्या पोटातल्या पार्टपर्यंत पोचू शकत नाही, भिंतीवरच्या पोर्टपाशी थांबतो. तिथून पुढे ‘आरक्षण’च्या मालकीचा दुसरा कनेक्टर. दोन रेघा लागतात, पण उद्या आतला ‘शुल्क-दूत’ बदलला तरी बाहेरच्या डायग्रामला हात लावावा लागत नाही. पोर्टचा खरा उपयोग तोच आहे.

पोर्टवर सॉकेट हवे, टूल बॉल काढते

पोर्टला काय लागते आणि तो काय पुरवतो हे पोर्टच्या प्रकारावरून निघते. पोर्टचा प्रकार म्हणून इंटरफेस दिला की तो पुरवलेला समजला जातो, म्हणून बॉल येतो. मागणी दाखवायची असेल तर पोर्ट कॉन्जुगेटेड करा, म्हणजे मागणी-पुरवठा उलटा करणारी खूण लावा. मग प्रकाराच्या नावाआधी ~ येते, जसे ‘देय : ~शुल्क_आकारणी’, आणि बॉलच्या जागी सॉकेट दिसते. प्रकार म्हणून क्लास दिला असेल तर तो क्लास जे राबवतो ते पुरवलेले आणि ज्याकडे त्याची «यूज» डिपेंडन्सी जाते ते लागणारे. सॉकेट येत नसेल तर ही डिपेंडन्सी मॉडेलमध्ये आहे का ते बघा.

यातून एक सोपी पडताळणी मिळते. पोर्टना एकच प्रकार दिला असेल तर असेंब्लीत एका बाजूला ~ असले पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला नसले पाहिजे. डेलिगेशनमध्ये दोन्ही बाजूंना असेल किंवा दोन्ही बाजूंना नसेल.

एकाच पोर्टवर तीन-चार इंटरफेस असतील तर बॉल-सॉकेटचा नाद सोडा. त्या पोर्टमधून निघालेल्या बॉलांच्या गुच्छातला कोणता कोणाला लागला हे वाचता येत नाही. ही लघुलिपी एकेका इंटरफेसच्या साध्या पोर्टसाठी आहे. गुंतागुंतीच्या पोर्टला पोर्ट ते पोर्ट सलग रेघ द्या.

एक बॉल, अनेक सॉकेट

‘शुल्क_आकारणी’ तीन पार्टना लागते तेव्हा तीन वेगळ्या गाठी मारायची गरज नाही. साध्या पोर्टसाठी एकच चिन्ह काढून सगळ्यांच्या काठ्या त्याच्याशी आणता येतात. मात्र उलट बाजू, म्हणजे एक गरजवंत आणि अनेक पुरवठादार, जपून दाखवा. एका पोर्टमधून अनेक कनेक्टर निघाले की आलेली विनंती सगळ्यांकडे जाते की कोणा एकाकडे, हे मानक ठरवून देत नाही. चित्र त्याबाबत गप्प आहे, म्हणून शेजारी टिपेत लिहा: सर्वांना, पाळीपाळीने, की पहिल्या मोकळ्याला. टोकांवर संख्याही लिहा, जसे [१] आणि [०..*].

टूलच्या खोड्या

मजकुरातून डायग्राम काढणाऱ्या प्लांटयूएमएलमध्ये गाठ `-(0-` अशी लिहितात: `[आरक्षण] -(0- [शुल्क]`. कंस ज्या बाजूला तिकडे सॉकेट, शून्य ज्या बाजूला तिकडे बॉल. उलट हवे असेल तर `-0)-` लिहा. नावे अदलाबदल करून काम भागते, पण मांडणीही पालटते. साध्या बाणात एक आडवी रेघ दिली की घटक शेजारी येतात, दोन दिल्या की वरखाली. प्लांटयूएमएल फक्त चित्र काढते. इंटरफेसचे नाव तिथे नुसती चिठ्ठी असते, जुळणीची तपासणी कोणी करत नाही. तपासणी हवी असेल तर मॉडेल ठेवणारे टूल वापरा.

ड्रॉ.आयओसारख्या टूलमध्ये बॉल आणि सॉकेट वेगळे आकार म्हणून ठेवले की कंपोनंट सरकवताच गाठ सुटते. दोन्ही आकार एका गटात बांधा आणि काठ्या कंपोनंटच्या जोडबिंदूंना चिकटवा, नुसत्या कडेपर्यंत आणून सोडू नका.

मॉडेल ठेवणाऱ्या टूलमध्ये उलटा त्रास. चुकीची रेघ डायग्राममधून पुसली तरी मॉडेलमध्ये राहते, आणि तेच दोन घटक दुसऱ्या डायग्रामवर ओढले की परत उगवते. एंटरप्राइज आर्किटेक्टमध्ये रेघ काढताना लपवायची की मॉडेलमधून काढायची असा प्रश्न येतो तेव्हा नीट वाचून उत्तर द्या. आधीच लपलेल्या रेघा शोधायच्या असतील तर कंपोनंटच्या गुणधर्मांतली संबंधांची यादी उघडा: तिथे ‘आरक्षण’ ते ‘शुल्क’ अशी नाव नसलेली असोसिएशन दिसली तर ती बहुधा प्रकारांमध्ये कनेक्टर ओढण्याच्या प्रयत्नाची शिल्लक आहे. ती मॉडेलमधून काढा, आणि मगच पार्टमधला कनेक्टर पुन्हा ओढा.